स्वस्त एमपीथ्री प्लेअर नीट वाजवायचा कसा

पाचशे ते तीन हजार रुपयांच्या प्लेअरचा आवाज आवडला नाही की दोष थेट यंत्रावर जातो. बहुतेक वेळा तिथे काही बिघडलेलं नसतं. अगदी तळच्या दर्जाचा माल सोडला तर डिजिटल फाइलचा आवाज करणारी चिप आज पुरेशी चांगली असते. आवाज बिघडतो तो चिपच्या आधी, म्हणजे फाइलमध्ये, नाहीतर चिपच्या नंतर, म्हणजे इअरफोनमध्ये आणि कानाच्या तोंडाशी. म्हणून तपासणी कानापासून सुरू करावी आणि प्लेअरकडे मागे मागे यावं. या क्रमाने गेलं तर फुकटातल्या दुरुस्त्या आधी होतात आणि खर्चाची वेळ आलीच तर शेवटी येते.

त्याआधी तीन ध्वनिमुद्रणं निवडून ठेवा, तुमच्या अगदी ओळखीची. एक ख्यालाचा आलाप, ज्यात तानपुरा स्पष्ट ऐकू येतो. एक अभंग, ज्यात टाळ-झांजा आहेत. आणि एक असं, ज्यात डग्गा मोकळा वाजतो. प्रत्येक बदलानंतर हीच तीन ऐकायची. टाळांमुळे वरचा भाग कळतो, डग्ग्यामुळे खालचा. तानपुऱ्याची जवारी तर फाइलमधलं जवळजवळ प्रत्येक वैगुण्य उघडं पाडते, कारण तिच्यात असंख्य बारीक स्वर सतत बदलत असतात आणि त्यांना झाकायला दुसरं काही नसतं.

कानाच्या तोंडाशी

कानात घट्ट बसणाऱ्या इअरफोनचा खर्ज हा कानाची नळी हवाबंद होण्यावर अवलंबून असतो. जराशी फट राहिली की खालचा आवाज त्या फटीतून निसटतो. डग्ग्याचा घुमारा जातो, उरतो तो पत्र्यासारखा पातळ आवाज. मग माणूस बास वाढवतो, व्हॉल्यूम वाढवतो, आणि शेवटी नवा प्लेअर आणतो. चूक मात्र रबराच्या मापात असते.

तपासायला डग्ग्याचं गाणं लावा आणि इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. घुमारा एकदम वाढला तर फट आहे. डबीत येणारी लहान, मध्यम, मोठी अशी तिन्ही मापांची रबरं आळीपाळीने लावून पाहा. डाव्या आणि उजव्या कानाची मापं वेगळी असणं अगदी सामान्य आहे, तेव्हा एका बाजूला मध्यम आणि दुसऱ्या बाजूला लहान लावायला संकोच नको. बसवताना विरुद्ध हाताने कानाची वरची पाळ वर आणि मागे ओढा, इअरफोन आत सरकवा, मग पाळ सोडा. फोमची टिप असेल तर ती चिमटीत वळून बारीक करा, कानात घाला आणि फुगेपर्यंत, म्हणजे २०–३० सेकंद, धरून ठेवा. नुसती खुपसलेली फोमची टिप रबरापेक्षाही वाईट बसते.

कानाच्या बाहेर टेकणाऱ्या जुन्या घडणीच्या गोल इअरफोनमधून खोल खर्ज येणार नाही. तो त्यांच्या रचनेतच नाही, त्यामुळे त्यासाठी बास वाढवत बसू नका. डोक्यावरचे मोठे हेडफोन वापरत असाल तर चष्म्याच्या काडीमुळे गादी उचलली जाते का ते पाहा; तीही गळतीच.

एका बाजूचा आवाज हळूहळू कमी झाला असेल तर आधी जाळी बघा. कानातला मळ तिथे साचतो. इअरफोनचं तोंड खाली करून कोरड्या, मऊ टूथब्रशने हलके झाडा, म्हणजे मळ खाली पडेल. पाणी लावू नका आणि टाचणी तर अजिबात घालू नका. जाळीच्या मागचा पडदा फाटला की इअरफोन संपला.

पिन आणि सॉकेट

गाणारा गायब आणि मागची वाद्यं मात्र लांबून, पोकळ ऐकू येतात, असं झालं तर प्लेअर खराब नाही, ग्राउंडचा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सामाईक तारेचा, संपर्क तुटला आहे. डाव्या-उजव्या बाजूंना ग्राउंड मिळालं नाही की दोन्हींमधला फरक तेवढा ऐकू येतो, आणि गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे तोच नाहीसा होतो. जुनं एकसुरी, म्हणजे मोनो, नाट्यगीत लावलं असेल तर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. बऱ्याचदा कारण असतं माइकवाल्या इअरफोनची चार भागांची पिन. प्लेअरचं सॉकेट तीन भागांच्या पिनेसाठी असतं, आणि पिन पूर्ण आत गेली नाही किंवा तिची जोडणी जुन्या पद्धतीची असली की हा घोळ होतो. पिन टक् असा आवाज येईपर्यंत दाबा. नाहीच जमलं तर बिनमाइकचा, तीन भागांच्या पिनेचा इअरफोन लावून खात्री करा.

पिन फिरवल्यावर खरखर येत असेल तर तिला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, चारपाच वेळा आतबाहेर करा आणि पूर्ण वाळू द्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात सॉकेटमधले पत्रे काळे पडतात, त्यामुळे हे वर्षातून एकदा करावंच.

फाइल: खरं काम इथे आहे

सीडीवरचा आवाज सेकंदाला १,४११ किलोबिट जागा घेतो. एमपीथ्री तोच आवाज १२८, १९२ किंवा ३२० किलोबिटमध्ये बसवते आणि कानाला सहसा न जाणवणारा भाग टाकून देते. १२८ ला मात्र जाणवणारा भागही जातो. साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं कापलं जातं, टाळ-झांजांचा आवाज पाणी शिंपडल्यासारखा होतो, तबल्याच्या चाटेवरचा ‘ना’ फुटण्याआधीच किंचित पसरतो आणि तानपुरा घुसळल्यासारखा हलू लागतो. हे एकदा ओळखता आलं की कमी दर्जाची फाइल पाच सेकंदांत कळते.

स्वतःच्या सीडी असतील तर त्यांच्यापासूनच सुरुवात करा. संगणकावर ‘एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ किंवा ‘फूबार२०००’ने सीडीवरची गाणी उतरवून घ्या. जुन्या, ओरखडे पडलेल्या सीडीसाठी पहिलं जास्त भरवशाचं, कारण त्याच्या सुरक्षित पद्धतीत शंका येणारा भाग पुन्हा पुन्हा वाचला जातो. सीडी आधी फ्लॅकमध्ये साठवा. ती मूळ प्रत. तिच्यात काहीही टाकून दिलेलं नसतं. प्लेअरसाठी तिच्यावरून लेम या एन्कोडरने (एमपीथ्री बनवणाऱ्या प्रोग्रामने) एमपीथ्री करा आणि दर्जा ‘व्ही टू’ ठेवा. त्यात सरासरी १९० किलोबिटच्या आसपास पडते, पण गरजेप्रमाणे कमी-जास्त होते. ‘व्ही झीरो’ला ती २४५ च्या घरात जाते. स्वस्त प्लेअर आणि हजार-दीड हजारांचे इअरफोन यांवर ‘व्ही टू’ आणि ३२० यांतला फरक डोळे मिटून ओळखून दाखवणं फार कठीण आहे, तेव्हा जागा वाचवा. चार मिनिटांचं गाणं ‘व्ही टू’मध्ये सहा एमबीच्या आत बसतं, ३२० मध्ये साडेनऊच्या पुढे आणि फ्लॅकमध्ये २५ एमबीच्या आसपास जातं. म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर ‘व्ही टू’ची पाच हजारांवर गाणी मावतात, फ्लॅकची साधारण बाराशे.

इथे दोन चुका सर्रास होतात. पहिली: १२८ ची फाइल ३२० मध्ये बदलणं. फाइल फुगते, पण गेलेला आवाज परत येत नाही. उलट दुसऱ्यांदा दाबल्यामुळे, म्हणजे कॉम्प्रेस केल्यामुळे, आणखी थोडा जातो. व्हिडिओवरून काढलेल्या गाण्यांवर ‘३२०’ लिहिलेलं असतं त्याचाही अर्थ एवढाच. दुसरी: २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या फाइली स्वस्त प्लेअरमध्ये घालणं. त्या एकतर वाजतच नाहीत किंवा अडखळत वाजतात. १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ करून घाला.

जुन्या मराठी संग्रहाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण त्यातलं बरंच मूळचं मोनो आहे. ७८ च्या तबकडीवरून उतरवलेलं गाणं बहुतेकदा स्टिरिओ फाइलमध्ये असतं. त्यात गायन दोन्हीकडे सारखं, पण खरखर मात्र डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरी. इअरफोनमध्ये ही पसरलेली खरखर फार त्रास देते. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये फाइल उघडून ‘मिक्स स्टिरिओ डाउन टू मोनो’ करा. गायन तसंच राहतं. दोन बाजूंची खरखर एकमेकींशी जुळत नसल्याने काही अंशी मारली जाते आणि साधारण ३ डेसिबलने खाली येते. मग मोनोच एमपीथ्री करा, फाइलही लहान होते. खरखर काढण्याचं यंत्रवत फिल्टर मात्र जपून वापरा. जोरात लावलं की खरखरीबरोबर सारंगीचा आणि गळ्याचा श्वासही जातो, आणि तो नंतर कुठूनही आणता येत नाही.

सगळी गाणी एका पातळीला

जुनं भावगीत संपून नवं सिनेमागीत लागलं की कानाला हिसका बसतो. जुन्या मुद्रणांची पातळी खाली असते, नव्यांची वर ढकललेली. अशा वेळी व्हॉल्यूमशी खेळत बसण्याऐवजी फाइलीच सारख्या करून घ्याव्यात. एमपीथ्रीसाठी ‘एमपीथ्रीगेन’ हा फुकट प्रोग्राम आहे. तो आवाज पुन्हा दाबत नाही, प्रत्येक तुकड्यात लिहिलेला पातळीचा आकडा तेवढा बदलतो. म्हणून दर्जा घटत नाही आणि बदल मागेही घेता येतो. पातळी १.५ डेसिबलच्या टप्प्यांनी हलते. मूळ लक्ष्य ८९ डेसिबल असतं, ते तसंच ठेवा. ‘क्लिपिंग’च्या रकान्यात खूण आली तर त्या गाण्याचं लक्ष्य कमी करा, नाहीतर तारसप्तकात आवाज फाटतो.

एकाच मैफलीचे किंवा नाटकाचे भाग असतील तर ‘अल्बम गेन’ लावा, ‘ट्रॅक गेन’ नको. ट्रॅक गेन लावलं तर हळू आलाप आणि जोरकस द्रुत एकाच पातळीला येतात, आणि चढत जाणारी मैफल सपाट होते.

राग सलग असूनही सीडीवर आलाप आणि बंदिश वेगवेगळ्या ट्रॅकमध्ये असतील तर एमपीथ्रीत जोडापाशी बारीकशी फट ऐकू येते. एन्कोडर फाइलच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता जोडतो आणि स्वस्त प्लेअर ती कापत नाही. यावर साधा उपाय म्हणजे संपूर्ण राग एकाच फाइलमध्ये काढणं.

कार्ड

स्वस्त दरात मिळालेलं मोठं कार्ड खोटं असण्याची शक्यता असते: वर ६४ जीबी लिहिलेलं, आत आठच. पहिली काही गाणी नीट वाजतात, पुढची अर्धवट तुटतात, आणि दोष प्लेअरला दिला जातो. ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ या प्रोग्रामने कार्ड पूर्ण भरून तपासा. वेळ लागतो, पण एकदाच.

६४ जीबी आणि त्यावरची कार्डं एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये येतात. बरेच प्लेअर ती ओळखत नाहीत. फॅट ३२ मध्ये फॉरमॅट करा. विंडोजच्या बहुतेक आवृत्त्यांतला नेहमीचा फॉरमॅट ३२ जीबीच्या वर हा पर्याय देत नाही, तेव्हा त्यासाठी वेगळा छोटा प्रोग्राम लागतो. अनेक साधे प्लेअर गाणी नावाच्या क्रमाने वाजवत नाहीत, कार्डावर ज्या क्रमाने उतरली त्या क्रमाने वाजवतात. म्हणून नावाच्या आधी ०१, ०२ असे आकडे घाला आणि रिकाम्या कार्डावर एकेक फोल्डर क्रमाने कॉपी करा. मॅकवरून कॉपी केलं असेल तर टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या छोट्या फाइलीही उतरतात. प्लेअर त्यांनाच गाणी समजून अडतो. त्या पुसा. पडद्यावर देवनागरीच्या जागी चौकोन दिसत असतील तर फाइलची नावं आणि टॅग रोमन लिपीत ठेवण्याला पर्याय नाही.

इक्वलायझर

‘रॉक’, ‘पॉप’, ‘बास’ ही तयार बटणं बंद ठेवा, ‘नॉर्मल’वर राहा. ती बहुतेक काहीतरी वाढवतात, आणि नवी गाणी आधीच कमाल पातळीला टेकलेली असल्याने वाढवायला वर जागाच नसते. मग आवाज फाटतो. फाटणं विशेषतः ढोलकीच्या थापेवर कळतं: थापेबरोबर गळाही थरथरतो.

प्लेअरमध्ये खरा इक्वलायझर, म्हणजे प्रत्येक स्वरपट्टी वेगळी कमी-जास्त करण्याची सोय, असेल तर वाढवण्यापेक्षा कमी करा. स्वस्त इअरफोनमध्ये बहुधा दोन ठिकाणी उंचवटा असतो. १५० ते २०० हर्ट्झच्या आसपास ३ डेसिबल कमी केलं तर गायकावरची गोधडी निघते. ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचत असतील तर ६ ते ८ किलोहर्ट्झमध्ये कुठे टोचतं ते शोधून तिथे अरुंद पट्ट्यात ३–४ डेसिबल उतरवा. काही वाढवायचंच असेल तर जेवढं वाढवाल तेवढी एकूण पातळी आधी खाली घ्या.

प्लेअर आणि इअरफोन जुळतात का

इथे थोडं मोजमाप करावं लागतं, पण ते करण्यासारखं आहे. प्लेअरच्या आउटपुटला स्वतःचा विद्युत अडथळा (इम्पिडन्स) असतो; तो ओहममध्ये मोजतात. इअरफोनचा अडथळा त्याच्या निदान आठपट असावा, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. कारण इअरफोनचा अडथळा सगळ्या स्वरांना सारखा नसतो. समजा तो एका ठिकाणी १६ ओहम आणि दुसऱ्या ठिकाणी ६० ओहम आहे, आणि प्लेअरचा अडथळा १० ओहम. पहिल्या ठिकाणी आवाज ४.२ डेसिबल उतरतो, दुसऱ्या ठिकाणी फक्त १.३. म्हणजे कोणीही न मागितलेला जवळपास ३ डेसिबलचा इक्वलायझर लागला. एका बाजूत दोनतीन बारीक ड्रायव्हर (आवाज काढणारे भाग) असलेल्या इअरफोनमध्ये हे फार होतं. एकच साधा ड्रायव्हर असलेल्यात कमी.

प्लेअरचा अडथळा मोजण्यासाठी ऑडॅसिटीत ४०० हर्ट्झ आणि ४० हर्ट्झचे एकेक मिनिटाचे सूर तयार करा, दोन्हींची पातळी ०.५. जुन्या इअरफोनची पिनेसकट वायर कापून घ्या. आतल्या तारांवर लाख असते. ती सोल्डरिंग आयर्नने किंवा ज्योतीने जाळल्याशिवाय संपर्क होत नाही, आणि इथेच बहुतेकांचं मोजमाप फसतं. पिन प्लेअरमध्ये घाला आणि एका बाजूची तार आणि ग्राउंड यांमध्ये मल्टिमीटर लावा. मीटरला एसी २ व्होल्टची पट्टी हवी. बाजारातल्या सर्वांत स्वस्त मीटरमध्ये एसी २०० व्होल्टपासून सुरू होतं. ते इथे निरुपयोगी.

४०० हर्ट्झ वाजवा आणि व्होल्टेज लिहून घ्या, समजा ०.३०० आलं. आता त्याच दोन तारांमध्ये ३३ ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर जोडा. व्होल्टेज ०.२६० झालं, तर ०.३०० भागिले ०.२६०, त्यातून १ वजा, गुणिले ३३: प्लेअरचा अडथळा सुमारे ५ ओहम. अशा प्लेअरला ४० ओहम किंवा त्यावरचा इअरफोन निर्धोक. एका ड्रायव्हरचा ३२ ओहमचाही चालून जाईल.

रेझिस्टर तसाच ठेवून, व्हॉल्यूमला हात न लावता ४० हर्ट्झ वाजवा. आकडा जवळजवळ तोच आला तर उत्तम. बराच खाली गेला तर प्लेअरच्या आउटपुटवर लहान कपॅसिटर आहे आणि तो खर्ज अडवतो आहे. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३२ ओहमच्या इअरफोनबरोबर ५० हर्ट्झच्या खाली, तर १६ ओहमच्या इअरफोनबरोबर थेट १०० हर्ट्झच्या खाली आवाज उतरवू लागतो. अशा प्लेअरला इक्वलायझर लावून उपयोग नाही. जास्त ओहमचा इअरफोन लावा, खर्ज परत येईल. एवढ्या बारीक बोर्डावर कपॅसिटर बदलण्याच्या फंदात न पडलेलं बरं.

खरखर, शिट्टी, घरघर

गाणं थांबवल्यावरही ‘स्स्स’ येतो आणि व्हॉल्यूम बदलला तरी तेवढाच राहतो, तर तो प्लेअरच्या ॲम्प्लिफायरचा. इअरफोन अति संवेदनशील असला की हा ऐकू येतो. कमी संवेदनशील किंवा जास्त ओहमचा लावा. चार्जिंग सुरू असताना येणारी शिट्टी चार्जरची असते: वायर काढून ऐका. गाडीच्या ऑक्समध्ये प्लेअर लावून तिथेच चार्ज करताना इंजिनाबरोबर चढउतार करणारी घरघर येते, ती ग्राउंड लूपची, म्हणजे चार्जर आणि ऑक्स अशा दोन वाटांनी ग्राउंड जोडलं गेल्याची. प्लेअर बॅटरीवर चालवा, नाहीतर ग्राउंड लूप आयसोलेटर मध्ये घाला. घरच्या ॲम्प्लिफायरला जोडताना प्लेअर ८० टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि आवाज ॲम्प्लिफायरवर कमी-जास्त करा. उलट केलं तर गाण्याबरोबर प्लेअरची खरखरही मोठी होते.

जुना पण सोन्यासारखा

वापरलेला प्लेअर घ्यायला हरकत नसेल तर २००९ सालचा सॅनडिस्कचा सान्सा क्लिप प्लस शोधा. त्याच्या आउटपुटचा अडथळा सुमारे १ ओहम आहे, म्हणजे वर सांगितलेली कटकट जवळजवळ नाही. फ्लॅक तो मुळातच वाजवतो. त्यावर रॉकबॉक्स हे फुकट फर्मवेअर (प्लेअर चालवणारा आतला प्रोग्राम) चढवता येतं. आधी प्लेअरच्या सेटिंगमध्ये यूएसबी मोड ‘एमएससी’ करा, बॅटरी पूर्ण भरा, मग संगणकावर रॉकबॉक्स युटिलिटी चालवा. मूळ फर्मवेअर पुसलं जात नाही. सुरू करताना डावं बटण दाबून धरलं की तेच उघडतं. रॉकबॉक्समध्ये पॅरामेट्रिक, म्हणजे कुठली पट्टी आणि किती रुंद हे ठरवता येणारा, इक्वलायझर मिळतो, त्यातल्या ‘प्रीकट’मध्ये पातळी आधी खाली घेता येते, आणि रिप्लेगेन चालतं, म्हणजे टॅगमध्ये लिहिलेल्या आकड्यावरून प्लेअरच पातळी सारखी करतो आणि फाइलींमधला आवाज बदलावा लागत नाही. त्यातला क्रॉसफीड नक्की वापरून पाहा. सुरुवातीच्या काळातल्या स्टिरिओ मुद्रणांत कधी गायक एका कानात आणि वाद्यं दुसऱ्या कानात असतात. क्रॉसफीड दोन्ही बाजू थोड्या एकमेकींत मिसळतो आणि डोकं दुखायचं थांबतं. विकत घेताना बॅटरी किती टिकते ते आणि सॉकेट ढिलं नाही ना ते आधी तपासा. या वयाच्या यंत्रात हेच दोन भाग जातात.

किती मोठ्याने

जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास ही मर्यादा सांगितली आहे. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५ आणि ९२ ला अडीच. लोकलच्या किंवा एसटीच्या आवाजावर मात करायला व्हॉल्यूम चढवला जातो आणि तिथेच कान जातात. रात्री शांत खोलीत तानपुरा स्पष्ट ऐकू येईल तेवढा व्हॉल्यूम लावा आणि पडद्यावरचा आकडा लक्षात ठेवा. प्रवासात त्याच्या फार वर जावं लागत असेल तर बटणाकडे न जाता रबराचं माप पुन्हा तपासा, किंवा फोमच्या टिपा लावा.